बोर्ग, विलँडर की एडबर्ग: आधी कोणाचे सामने बघाल?

जुनं टेनिस बघायला बसलेला माणूस कधी ना कधी स्वीडनपाशी येतोच. बियाँ बोर्ग, मॅट्स विलँडर आणि स्टेफान एडबर्ग हे तिघेही जगात नंबर वन होते आणि तिघांची मिळून 24 एकेरी ग्रँड स्लॅम (ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन आणि यूएस ओपन या चार मोठ्या स्पर्धा) जेतेपदं आहेत. सुरुवात कोणापासून करायची हे तुम्ही कशासाठी बघताय त्यावर ठरवा. स्वतः क्लबात खेळत असाल किंवा मुलीला कोचिंगला घातलं असेल, तर माझं मत सरळ विलँडरला.

आकडे बोर्गच्या बाजूचे आहेत, त्यात वादच नाही. फ्रेंच ओपन 6 वेळा, विम्बल्डन लागोपाठ 5 वेळा. 1978 ते 1980 अशी सलग तीन वर्षं त्याने आधी पॅरिसची लाल माती मारली आणि काही आठवड्यांतच लंडनच्या हिरवळीवर जिंकून दाखवलं. 1980 च्या विम्बल्डन फायनलमध्ये अमेरिकेच्या जॉन मॅकेन्रोविरुद्ध चौथ्या सेटचा टायब्रेक (सेट बरोबरीत अडकला की निकाल लावणारा गेम) 16-18 असा गेला. दुसरा कोणी तिथेच खचला असता. बोर्गने पाचव्या सेटमध्ये एकदाही सर्व्हिस गमावली नाही आणि तो सेट 8-6 ने घेतला. पण यूएस ओपनच्या चार फायनल खेळून हाती काही नाही, आणि 26 व्या वर्षी निवृत्ती. 1991 मध्ये लाकडी रॅकेट घेऊन तो परतला, ते सामने मात्र बघू नका, जीव हळहळतो. (जाता जाता: 1974 च्या यूएस ओपनमध्ये आपल्या विजय अमृतराजने त्याला पाच सेटमध्ये घरी पाठवलं होतं.)

बोर्ग बघून थक्क व्हायला होतं, पण त्याचं उचलणार काय? ते पाय आणि तो थंडपणा उपजतच लागतो.

विलँडरकडे एडबर्गसारखी व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका) नव्हती आणि सर्व्हिस बेताचीच होती. जमेला होतं डोकं. 1982 मध्ये 17 व्या वर्षी तो फ्रेंच ओपन जिंकला. त्याच स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये स्वतःच्या मॅच पॉइंटवर अर्जेंटिनाच्या क्लेर्कचा चेंडू बाहेर दिला गेला, तेव्हा याने अंपायरला सांगितलं की चेंडू आत होता. पॉइंट पुन्हा खेळला आणि जिंकलाही. मात्र खरा अभ्यासाचा सामना 1988 ची यूएस ओपन फायनल. आदल्या वर्षी तेव्हाच्या नंबर वन लेंडलने त्याला पॅरिस आणि न्यूयॉर्क, दोन्हीकडे फायनलमध्ये हरवलं होतं. बेसलाइनवरून (कोर्टाच्या मागच्या रेषेवरून) लेंडलला नुसतं थकवता येत नाही हे ओळखून विलँडरने एकहाती स्लाइस, म्हणजे चेंडूला खालून काप देणारा बॅकहँड, घोटून घेतला, आणि फायनलमध्ये स्लाइस मारून सारखा नेटवर चढत राहिला. जवळपास पाच तासांनी, पाचव्या सेटमध्ये सामना त्याचा. त्या वर्षातलं तिसरं ग्रँड स्लॅम, शिवाय नंबर वन. त्यानंतर मात्र एकाही ग्रँड स्लॅमची फायनल नाही. भूकच संपली म्हणायची. विम्बल्डन एकेरीतही तो क्वार्टरफायनलपुढे कधी गेला नाही.

एडबर्ग बघायचा तो डोळ्यांच्या सुखासाठी. लहानपणी तो दोन हातांनी बॅकहँड मारायचा. पर्सी रोसबर्ग या प्रशिक्षकांनी त्याला एकहाती करायला लावला. गंमत म्हणजे बोर्गचा दोन हातांचा फटका याच रोसबर्गनी तसाच राहू दिला होता. टप्पा पडल्यावर उंच उसळणारी किक सर्व्हिस, तिच्यामागून नेटवर धाव आणि पहिली व्हॉली कोपऱ्यात, हे बघायचं तर 1988 आणि 1990 च्या विम्बल्डन फायनल लावा, दोन्हींत समोर जर्मनीचा बेकर. त्याची 6 जेतेपदं ऑस्ट्रेलियन, विम्बल्डन आणि यूएस ओपनमध्ये दोन-दोन अशी वाटलेली. फ्रेंच राहिलं. 1989 ची फायनल दोन सेट विरुद्ध एक अशी हातात असताना अमेरिकेच्या 17 वर्षांच्या चँगने ती हिसकावली. टिकला मात्र तिघांत हाच: सलग 54 ग्रँड स्लॅम खेळून 1996 मध्ये थांबला. आज त्याच्यासारखं खेळणारं फारसं कोणी नाही, त्यामुळे शिकाऊ मुलांना उपयोग कमी.

एकच संध्याकाळ मोकळी असेल, तर या तिघांनाही बाजूला ठेवा आणि 2009 च्या फ्रेंच ओपनमधला स्वीडनचाच रॉबिन सॉडरलिंग लावा. तोवर पॅरिसमध्ये एकही सामना न हरलेल्या नदालला त्याने चौथ्या फेरीत चार सेटमध्ये पाडलं. सॉडरलिंगची स्वतःची कारकीर्द पुढे आजारपणाने 2011 मध्येच खुंटली.