लायोल की हिगोनोकामी?

दोन्ही सडपातळ, दोन्ही खिशातले, दोन्ही घडीचे चाकू. पण संग्राहकाच्या हाती ते येतात अगदी वेगवेगळ्या वाटांनी.

लायोल फ्रान्सच्या आव्हेरों भागातला. १८२९ मध्ये काल्मेल्स यांनी तो घडवला असं मानतात. पाठीच्या स्प्रिंगवर मधमाशी, मुठीत बारीक खिळ्यांचा क्रूस, आणि पुढे दारूच्या बाटलीचं बूच काढायचा स्क्रूही त्याला जोडला गेला. तो बहुधा आजोबांकडून नातवाला मिळतो, किंवा भेट म्हणून. भेट मिळाली तर देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवायचं, नाहीतर मैत्री तुटते म्हणे! विकत घेणाऱ्याची मात्र पंचाईत. लायोल हे गावाचं नाव आहे, कारखान्याचं नव्हे. फ्रान्समधल्याच थिएर शहरातही तो बनतो आणि पाकिस्तान-चीनमध्येही. मधमाशी पाहून भुलू नका.

हिगोनोकामी जपानच्या मिकी गावचा. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, खटका नाही, स्प्रिंगही नाही. पात्याच्या मागची जीभ अंगठ्याने दाबून धरायची, एवढंच. शाळकरी मुलं त्याने पेन्सिली तासत. १९६० मध्ये समाजवादी नेते असानुमा यांची एका सतरा वर्षांच्या मुलाने भरसभेत तलवारीने हत्या केली, मुलांच्या हाती पाती नकोत अशी मोहीम सुरू झाली आणि मागणी घसरली. आज हे नाव वापरायचा हक्क नागाओ कानेकोमा या एकाच कारखान्याकडे उरलाय, म्हणून अस्सल ओळखणं सोपं.

पहिलाच चाकू घेत असाल तर हिगोनोकामी घ्या. स्वस्तही पडतो. लायोल कुणी दिला तरच घ्यावा, आणि खिशात सुटं नाणं ठेवावं.