खिडकी जळते की खोली काळवंडते? घराच्या फोटोंसाठी एचडीआर, फ्लॅश की फोन

घर विकायला किंवा भाड्याने द्यायला काढलं की फोटो लागतात, आणि फोटो काढताना गाडी हमखास खिडकीपाशी अडते. खोली नीट दिसेल असा फोटो घेतला की खिडकीच्या जागी कोरा पांढरा चौकोन उरतो. बाहेरचं दिसेल असा घेतला की सोफा, भिंती, फरशी सगळं अंधारात जातं. यावर चार वाटा आहेत: फोनचा आपोआप होणारा एचडीआर (उजळ आणि गडद फोटो जोडून दोन्हीतला तपशील दाखवणं), कॅमेऱ्याची एकच रॉ फाइल (सेन्सरची कच्ची माहिती, जी नंतर बरीच उजळता येते), वेगवेगळ्या एक्सपोजरचे, म्हणजे कमी-जास्त उजेड घेतलेले, फोटो काढून जोडणं म्हणजे ब्रॅकेटिंग, आणि फ्लॅश. यातली कोणती घ्यायची हे कॅमेऱ्याच्या किमतीवरून ठरवू नका. आतल्या-बाहेरच्या उजेडात किती अंतर आहे आणि छत कसलं आहे, एवढं पाहिलं की निम्मा निर्णय होतो.

अंतर मोजायला दोन मिनिटं पुरतात. कॅमेरा मॅन्युअलवर, एफ/८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता), उजेड मोजणारं मीटर स्पॉटवर, म्हणजे फक्त मधल्या ठिपक्यापुरतं. खोलीतल्या साधारण उजेडाच्या भिंतीवर रोखून मीटर शून्यावर आणा आणि शटरचा आकडा टिपा. मग खिडकीबाहेर उन्हातल्या जागेवर रोखून तेच करा. बडोद्यात भायलीतल्या नव्या इमारतीच्या हॉलमध्ये सकाळी अकराला आत १/४ सेकंद आणि बाहेर १/५०० असे आकडे सहज येतात. उजेड दर वेळी निम्मा होत गेला की एक स्टॉप, म्हणजे हे अंतर ७ स्टॉपचं झालं. दांडिया बाजारातल्या जुन्या वाड्याच्या माजघरात हाच आकडा ४ सेकंदांवर जातो, चौकातलं ऊन मात्र तेच १/५००. हे झाले ११ स्टॉप. एकाच शहरातली ही दोन घरं, पण दोघांना एकच पद्धत लावली तर एक घर बिघडणारच.

फोन आणि एकच रॉ फाइल

आजचे फोन एका क्लिकमध्ये अनेक छोटे फोटो घेऊन आपणच जोडतात. भाड्याच्या वन-बीएचकेसाठी तेवढं पुष्कळ आहे. फोन कंबरेच्या थोडा वर, अगदी सरळ धरा. वाकडा धरला की दाराच्या चौकटी पडायला आल्यासारख्या दिसतात. खोली मोठी दिसावी म्हणून सगळे ०.५ एक्सच्या रुंद लेन्सवर जातात, पण बऱ्याच फोनमध्ये त्या लेन्समागचा सेन्सर लहान असतो. सावलीत दाणे येतात आणि कडेला उभा असलेला फ्रिज कपाटाएवढा रुंद होतो. दोन पावलं मागे सरकून १ एक्सवर जेवढं मावेल तेवढं घ्या.

फोनची आणखी एक फसगत आहे. अँड्रॉइड १४ पासून, म्हणजे २०२३ पासून, काही फोन फोटोसोबत वाढीव चमकेची माहितीही साठवतात. आपल्या स्क्रीनवर खिडकी झळाळते, पण अपलोड करताना ती माहिती गळली की ग्राहकाला तोच फोटो मलूल दिसतो. म्हणून पाठवण्याआधी दुसऱ्या एखाद्या साध्या फोनवर किंवा संगणकावर पाहा.

अंतर ४ स्टॉपपर्यंत असेल तर एक रॉ फाइल सगळ्यात सुटसुटीत. बाहेरचं जळणार नाही इतकं एक्सपोजर ठेवायचं आणि सावल्या नंतर उचलायच्या. ३ स्टॉप उचलल्यावरही आजचा मध्यम किमतीचा कॅमेरा कुरकुर करत नाही. त्यापुढे अंधारातल्या लाकडाला जांभळट झाक येऊ लागते. बाथरूम, दुधी काचेची खिडकी असलेली बेडरूम, उत्तरेकडचं स्वयंपाकघर या जागांसाठी ब्रॅकेटिंगचा घाट घालू नका.

ब्रॅकेटिंग

ट्रायपॉड हवाच. उंची १२० ते १३० सेंटीमीटर, स्वयंपाकघरात ओट्याच्या वर थोडं दिसेल इतकी जास्त. एफ/८, आयएसओ १००, फोकस एकदा लावून मॅन्युअल, व्हाइट बॅलन्स (रंगांची पिवळी-निळी झाक ठरवणारी सेटिंग) एका आकड्यावर, लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. बदलायचं फक्त शटर. भायलीच्या त्या हॉलसाठी २ स्टॉपच्या अंतराने पाच फोटो: १/५००, १/१२५, १/३०, १/८, १/२. वाड्याच्या माजघरासाठी सात, म्हणजे पुढे २ आणि ८ सेकंद. ऑटो आयएसओ चालू राहिला तर कॅमेरा शटरऐवजी आयएसओ हलवून मोकळा होतो आणि गडद सावलीत नुसते दाणे हाती येतात. ही चूक घरी गेल्यावरच कळते.

कॅनन २००डी मार्क २ सारखे कॅमेरे आपोआप तीनच फोटो घेतात, निकॉन डी३५०० मध्ये तर ऑटो ब्रॅकेटिंगच नाही. अडत काही नाही, शटरचं चाक हाताने फिरवा. चाक सहा खटके फिरलं की २ स्टॉप (खटका १/३ स्टॉपचा असेल तर). फक्त ट्रायपॉड हलू देऊ नका. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर त्याचे पाय सरकतात, म्हणून खाली रबरी टोप्या घट्ट आहेत का बघा. वाड्याच्या वरच्या मजल्यावर लाकडी तक्तपोशी असेल तर ८ सेकंदांच्या फोटोच्या वेळी शेजारच्या खोलीत कुणी चाललं तरी चित्र हलतं. घरातल्यांना तेवढा वेळ बसून राहायला सांगा.

बडोद्याच्या घरात हमखास हलणाऱ्या दोन गोष्टी म्हणजे पंखा आणि झोपाळा. पंखा बंद करून पाती पूर्ण थांबेपर्यंत थांबा, नाहीतर जोडलेल्या फोटोत पात्यांच्या जागी राखाडी तबकडी उरते. झोपाळा थांबल्यासारखा दिसला तरी पितळी कड्या मिनिटभर बारीक हलत असतात. पाटाखाली मागच्या बाजूने एखादा स्टूल टेकवा. बाल्कनीतली तुळस हलतेच. तिच्यासाठी जोडताना हललेल्या गोष्टींच्या दुहेरी प्रतिमा काढणारा 'डीघोस्ट' सगळ्यात कमी पातळीवर ठेवा. जास्त ठेवला तर त्या जागी एकाच फोटोतला भाग येतो आणि डाग दिसतो.

मग एलईडी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे स्वस्त ड्रायव्हरचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० पेक्षा वेगवान शटरला भिंतीवर आडवे पट्टे उमटतात, आणि इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर फारच ठळक. मेकॅनिकल शटर वापरा. तरीही पट्टे राहिले तर खिडकीसाठीचे गडद फोटो दिवे बंद करून घ्या.

जोडणीत लाइटरूम या सॉफ्टवेअरचा मार्ग सोपा आहे: फोटो निवडा, कंट्रोल आणि एच दाबा. तयार झालेल्या फाइलमध्ये एक्सपोजर दोन्ही बाजूंना ५ ऐवजी १० स्टॉपपर्यंत हलवता येतं. दुसरा मार्ग एक्सपोजर फ्यूजनचा. २००७ साली मर्टेन्स, काउट्झ आणि व्हॅन रीथ यांनी मांडलेली ही रीत प्रत्येक फोटोतला नीट उजळलेला भाग वजन देऊन उचलते. मोफत मिळणारं एन्फ्यूज हे सॉफ्टवेअर हेच करतं. घरांच्या फोटोंसाठी आमचा कल फ्यूजनकडे आहे, कारण टोन मॅपिंगचे, म्हणजे उजेडाची मोठी दरी स्क्रीनवर मावेल इतकी दाबण्याचे, स्लायडर हाती आले की हात थांबत नाही. खिडकीच्या चौकटीभोवती पांढरी प्रभा, पांढऱ्या भिंतीवर राखाडी मळ, सागवानी दाराच्या रेषा खरवडल्यासारख्या: एचडीआरला नावं ठेवायला लावणारे फोटो असेच तयार होतात. बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा थोडा जास्तच राहू द्या. खिडकी आणि भिंत सारख्याच उजळ दिसल्या तर खिडकीवर बाहेरचं चित्र चिकटवल्यासारखं वाटतं.

फ्लॅश

ब्रॅकेटिंग उजेडाची दरी बुजवतं, रंगाची नाही. वरून पिवळा एलईडी आणि खिडकीतून निळसर उजेड आला की पांढरी भिंत एका बाजूला हळदीची, दुसऱ्या बाजूला निळीची होते. इथे फ्लॅश स्पष्ट सरस ठरतो. पहिला फोटो नैसर्गिक उजेडाचा, १/४ सेकंद. दुसरा १/१६०, आयएसओ ४००, फ्लॅश अर्ध्या ताकदीवर, कॅमेऱ्यामागच्या छत-भिंतीच्या कोपऱ्याकडे रोखून. फोटोशॉपमध्ये खाली फ्लॅशचा फोटो, वर नैसर्गिक, वरच्याला 'ल्युमिनॉसिटी' मोड (वरच्याचा फक्त उजेड घेतो, रंग खालचा राहतो), ओपॅसिटी म्हणजे वरच्याचा जोर ३० ते ५० टक्के. भिंत पांढरी आणि सावली नैसर्गिक, दोन्ही मिळतात.

खिडकीतून सूरसागरातली सोनेरी मुलाम्याची शिवमूर्ती दिसत असेल, तर घराच्या किमतीत तिचाही वाटा असतो. तिच्यासाठी तिसरा फोटो घ्या. फ्लॅशसोबत बहुतेक कॅमेरे १/२०० किंवा १/२५० च्या वर जात नाहीत, म्हणून १/२०० आणि एफ/११. फ्लॅश पूर्ण ताकदीवर, बाजूने खिडकीच्या भिंतीवर मारा. जोडताना 'डार्कन' मोड (दोन फोटोंतला गडद भाग ठेवणारा) लावला की चौकटीची कड स्वच्छ येते. एवढी स्वच्छ कड ब्रॅकेटिंगमध्ये क्वचितच मिळते.

पण हे सगळं पांढऱ्या पीओपी छताच्या जोरावर. वाड्यातल्या काळपट सागवानी छतावर मारलेला फ्लॅश निम्मा तिथेच जिरतो, उरलेला तपकिरी होऊन खाली येतो. नक्षीदार खांबांची खोली दाखवणारी तिरपी सावलीही पुसली जाते. ग्रॅनाइटचा ओटा, काचेचं कपाट, टीव्ही यांत फ्लॅशचा ठिपका दिसतो तो वेगळाच. वेळही पाहा: टू-बीएचकेला ब्रॅकेटिंगने पाऊण तास लागत असेल तर फ्लॅशने दीड-दोन तास.

म्हणून दलालाला आठवड्याला आठ-दहा फ्लॅटचे फोटो हवे असतील तर त्याने ब्रॅकेटिंग शिकावं. वीस दृश्यांचे शंभर फोटो, एका रॉ फाइलचे २५ एमबी धरले तर घरामागे अडीच जीबी, एवढी जागा कार्डात ठेवावी. अलकापुरीतला तयार बंगला किंवा इंटिरियर डिझायनरचं काम असेल तर फ्लॅश येणारा माणूस बोलवा. वाडा, देवघर, ओसरी यांना फ्लॅश लावू नका. सात फोटो, दिवे बंद, एवढंच.

ट्रायपॉड असेल पण जोडणी येत नसेल, तर वेळ बदला. पूर्वेच्या खोल्या दुपारी, पश्चिमेच्या सकाळी. दर्शनी हॉल सूर्यास्तानंतर पंधरा-वीस मिनिटांनी: बडोद्यात सूर्य डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतो, जूनच्या शेवटी साडेसातच्या थोडं आधी. त्या वेळी आत-बाहेरचं अंतर एक-दोन स्टॉपवर येतं, आणि ते साधारण दहा मिनिटं टिकतं. कॅमेरा आधीच लावून, दिवे लावून, पंखे थांबवून तयार राहा.