ॲक्युरेट की प्रिसाइज: कुठे कुठला शब्द?

मराठीत आपण दोन्हींना ‘अचूक’ म्हणून मोकळे होतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. ॲक्युरेट म्हणजे खऱ्या मापाच्या जवळचं. प्रिसाइज म्हणजे कितीदा मोजलं तरी आकडे एकमेकांना धरून राहणारं. ते खऱ्या मापापासून लांब असले तरी चालतं.

100 ग्रॅमचं प्रमाणित वजन दोन काट्यांवर पाच-पाच वेळा ठेवा. पहिला दाखवतो 103.1, 103.0, 103.1, 103.1, 103.0. दुसरा 98, 102, 101, 99, 100. पहिला प्रिसाइज आहे, ॲक्युरेट नाही. दुसऱ्याची सरासरी बरोबर 100 येते, पण एकट्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही.

दोन्हींतला एक निवडायचा तर पहिलाच घ्यावा. त्याची चूक ठरावीक आहे, म्हणून ती शोधता येते. 50 आणि 200 ग्रॅमची वजनंही ठेवून बघा. दर वेळी 3 ग्रॅमच जास्त येत असतील तर शून्य सरकलंय, ते परत जुळवायचं. 1.5 आणि 6 ग्रॅम जास्त आले तर चूक वजनाच्या प्रमाणात वाढतेय, म्हणजे कॅलिब्रेशन (प्रमाणित वजनांशी काट्याचे आकडे जुळवणं) करायला हवं. दुसऱ्या काट्याला असा इलाज नाही. तिथे सरासरीच काढत बसायची, आणि सरासरीतलं विखुरलेपण निम्मं करायला चौपट वेळा मोजावं लागतं, दहावा हिस्सा करायला शंभरपट.

दशांशस्थळांना मात्र भुलू नका. पायची किंमत 3.142857 लिहिली तर दिसायला फार प्रिसाइज, पण ते 22/7 आहे; खरी किंमत 3.14159 अशी सुरू होते, म्हणजे दुसऱ्या दशांशापुढचं सगळं चूक.

प्रयोगशाळेचा अहवाल लिहिणाऱ्यांसाठी एक बारकावा. आयएसओ 5725 या मानकात सरासरी खऱ्या मापाच्या जवळ असण्याला ‘ट्रूनेस’ म्हणतात, आणि ॲक्युरसीत ट्रूनेस व प्रिसिजन दोन्ही येतात. त्या हिशेबाने दुसऱ्या काट्यालाही सरसकट ॲक्युरेट म्हणता येणार नाही.

रोजच्या इंग्रजीत निवड सोपी आहे. ‘गाडी 7 वाजून 42 मिनिटांनी येईल’ हे विधान प्रिसाइज. ती साडेआठला आली तर ते ॲक्युरेट ठरत नाही. ‘गाडी सातनंतर येईल’ हे ॲक्युरेट, पण प्रिसाइज नाही. म्हणून बातमी, भाषांतर, अंदाज खरा आहे का हे सांगताना ॲक्युरेट लिहा. सूचना, व्याख्या, वेळ पुरेशी नेमकी आहे का हे सांगताना प्रिसाइज.