ब्रेकचा लाल दिवा विझवून दिला, ब्रेक मात्र तसेच

गाडीचा ब्रेकचा लाल दिवा लागून राहिलाय म्हणून गॅरेजला निघाला असाल तर आधी हे वाचा. मी इतकी वर्षं गाडी चालवतोय, टायर बदलता येतो, बॉनेट उघडून चार गोष्टी ओळखता येतात, तरी चांगलाच गंडलो, आणि पैसे गेले त्यापेक्षा जास्त राग याचा येतो की जिथे जीवाशी खेळ आहे तिथे फसवलं.

सुरुवातीला कसं व्हायचं, वळण घेताना किंवा जरा जोरात ब्रेक मारला की डॅशबोर्डवरचा तो गोलात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा लुकलुकायचा आणि परत जायचा. मला वाटलं हँडब्रेक अर्धवट राहतोय, म्हणून दोन-चारदा दाबून खाली बसवून बघितला, काही फरक नाही. आठवडाभरात दिवा कायमचाच लागला. ब्रेक लागत होते, पेडल खाली जात नव्हतं, गाडी ओढत नव्हती. (वळणावर लुकलुकणं हीच खरी खूण होती हे आता कळतं. डबीतलं ब्रेक ऑइल कमी होत दिवा लागायच्या पातळीजवळ आलं की वळताना एका बाजूला सरकतं, आतला फ्लोट (ऑइलवर तरंगणारा तुकडा) खाली बसतो आणि दिवा लागतो. पण पेडल नरम पडलं किंवा पाय ठेवल्यावर हळूहळू खाली जायला लागलं तर ते वेगळं प्रकरण, मग गाडी चालवत गॅरेजला न्यायचीच नाही, उचलून न्यायची.)

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलंच नाही, आधी स्कॅनर लावला. स्क्रीन माझ्याकडे फिरवली, दोन-तीन कोड दिसत होते, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाड. "साहेब, एबीएसचा कोड आलाय, मास्टर सिलिंडर गेलाय, मॉड्यूलपण रिपेअर करावं लागेल, आणि अशी गाडी मी तरी तुम्हाला परत नेऊ देणार नाही." (एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, मॉड्यूल म्हणजे तिचा कंट्रोल करणारा भाग, आणि मास्टर सिलिंडर म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा पार्ट.) त्या शेवटच्या वाक्याने मी गार. ब्रेक म्हटल्यावर माणूस घासाघीस करत नाही हे त्यांना पक्कं माहीत असतं.

स्कॅनरचं नंतर समजलं ते असं, की पुष्कळ गाड्यांमध्ये हा लाल दिवा दोन साध्या स्विचवर चालतो, एक हँडब्रेकच्या लिव्हरखाली आणि एक ऑइलच्या डबीत, आणि त्यांचा कोड बहुतेक वेळा बनतच नाही. एबीएसचा दिवा वेगळा, पिवळा, आणि माझा तो लागलाच नव्हता! जे कोड दाखवले ते जुने साठलेले होते, बॅटरी कमजोर झाली होती तेव्हाचे कमी व्होल्टेजचे. कोड डिलीट करून, गाडी एक चक्कर फिरवून परत स्कॅन करा एवढं म्हणायला हवं होतं, पण म्हणायला आधी माहीत पाहिजे ना.

संध्याकाळी गाडी मिळाली, दिवा बंद. त्याने मला शेजारी बसवून दाखवलं पण, चावी फिरवली, दिवा लागला, दोन सेकंदांनी गेला, हँडब्रेक ओढला, लागला, सोडला, गेला. "बघा साहेब, एकदम ओके." मी खूश होऊन पैसे दिले. जुना पार्ट मागितला तर म्हणे भंगारात गेला.

तीनेक आठवड्यांनी पुढच्या चाकातून ब्रेक मारताना चिरका आवाज यायला लागला. दिवा बंदच होता म्हणून मी अजून चार दिवस काढले. शेवटी बायको म्हणाली हा आवाज बाहेर दुसऱ्या मजल्यावर ऐकू येतो, दाखव कुठेतरी. यावेळी ऑफिसमधल्या एकाच्या ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो.

त्याने बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीकडे बघितलं आणि बोटाने एक वायर वर उचलली. फ्लोटच्या सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरचा जोड, काढून, काळी टेप गुंडाळून डबीमागे खोचून ठेवला होता. माझ्या गाडीत तो काढला की ऑइल कितीही कमी होऊ दे, दिवा लागत नाही. हँडब्रेकचा स्विच वेगळा, त्यामुळे हँडब्रेक ओढला की दिवा मस्त लागतो. म्हणजे मला जे करून दाखवलं ते सगळं खरं होतं आणि तरी खोटं.

ऑइल डबीवरच्या मिनच्या, म्हणजे कमीत कमी पातळीच्या, रेघेच्या खाली आणि रंग काळपट तपकिरी. मेकॅनिक म्हणाला नवीन मास्टर सिलिंडर बसवला असता तर जुनं ऑइल सांडलं असतं, नवीन भरून एअर काढावी लागली असती, हे तर कित्येक वर्षांपूर्वीचं दिसतंय. सिलिंडरच्या नटांवर धुळीचा थर जसाच्या तसा, पान्याचा साधा ओरखडा नाही.

चाक काढलं. ब्रेक पॅड म्हणजे चाकामागच्या डिस्कला दाबून गाडी थांबवणारा तुकडा, नवीन पॅडवर साधारण १० मिलिमीटर मटेरियल असतं, माझ्या पॅडवर जेमतेम २ उरलं होतं, आणि आवाज येत होता तो पॅडला असलेल्या पत्र्याच्या जिभेचा, ती पॅड संपत आल्यावर मुद्दाम डिस्कला घासावी म्हणूनच दिलेली असते. पॅड झिजतं तसा ते दाबणाऱ्या कॅलिपरचा पिस्टन बाहेर येतो, त्याच्यामागे ऑइल भरतं, म्हणून डबीतली पातळी उतरते. गळती कुठेच नव्हती, चारही चाकं आतून कोरडी, त्याने टॉर्च लावून बघितली. मग कपलर बसवला, दिवा लागला. नवीन पॅड टाकायला त्याने पिस्टन मागे दाबला आणि मला म्हणाला डबीकडे बघत राहा. एक थेंब न ओतता ऑइल वर चढत गेलं, मिनच्या रेघेवर गेलं, आणि दिवा विझला. आधी कोणी नुसतं वरपर्यंत भरून दिलं असतं तर आता ते बाहेर सांडून रंग खात बसलं असतं.

ऑइल तरी बदललंच, कारण ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल नवीन असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओल शोषल्यावर हीच हमी १५५ वर येते, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की फरक कळतो.

बिल घेऊन पहिल्याकडे गेलो. टेपचा तुकडा टेबलावर ठेवला. तो म्हणतो, "साहेब, कपलर खड्ड्यात हलून निघाला असेल." मी विचारलं टेपपण खड्ड्यानेच लावली का, तर पुढच्या सर्व्हिसला लेबर माफ करतो म्हणाला. बिलावर मास्टर सिलिंडरचा पार्ट नंबर लिहिलेला नाही, नुसतं 'ब्रेक काम' एवढंच आहे, हे मी तिथे उभा असताना पहिल्यांदा वाचलं.