हद्द कायम मोजणी: बांधाच्या भांडणात ही सरकारी सेवा किती कामाची?

गावात दोन घरांचं येणं-जाणं तुटलं की कारण सांगताना लग्नातला राहिलेला मान निघतो, पाण्याची पाळी निघते, शेरडानं खाल्लेला हरभरा निघतो. बहुतेक वेळा मूळ असतो बांध. शंभर मीटर लांबीचा बांध एका नांगरटीत अर्धा फूट कोरला गेला, तर सुमारे १५ चौरस मीटर जमीन पलीकडे जाते. गुंठा १०१ चौरस मीटरचा. दरवर्षी असंच चाललं तर सातव्या वर्षी अख्खा गुंठा गेलेला असतो, आणि कोणत्याही एका दिवशी तो गेला असं दाखवता येत नाही. म्हणून बांधाचं भांडण तोंडी मिटत नाही. त्यासाठी भूमी अभिलेख खात्याची हद्द कायम मोजणी आहे, म्हणजे सरकारी अभिलेखाप्रमाणे हद्द जमिनीवर दाखवून देणारी मोजणी.

आधी निकाल सांगतो. रेघ कुठे आहे हे ठरवायला या सेवेइतकं भरवशाचं दुसरं काही नाही. गेलेली जमीन हातात द्यायला मात्र ती पुरत नाही. आणि भावाभावांच्या वादात अनेक जण मोजणीचा प्रकारच चुकीचा निवडतात, तिथे पैसे आणि महिने वाया जातात.

अर्ज ई-मोजणी संकेतस्थळावर होतो. डिसेंबर २०२४ पासून वेगाच्या हिशेबानं नियमित आणि द्रुतगती असे दोनच प्रकार राहिले. तेव्हा ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीची फी २००० रुपये आणि मुदत ९० दिवसांची, द्रुतगतीची फी ८००० आणि मुदत ३० दिवसांची ठरली. क्षेत्र दोन हेक्टरच्या पुढे गेलं की फी वाढते. बांधाच्या वादाला नियमित मोजणी पुरते. विहीर, घर किंवा खरेदीखत अडलं असेल तरच चौपट पैसे मोजावेत.

अर्जात सगळ्यात जास्त चूक होते ती लगतच्या कब्जेदारांच्या नावांत. चतुःसीमा घरबसल्या आठवून लिहिली जाते, आणि शेजारच्या गटाच्या सातबाऱ्यावर वारलेल्या आजोबांचंच नाव असतं. त्या नावानं काढलेली नोटीस परत येते, वारस मोजणीला येत नाहीत, आणि पुढे ‘आम्हाला कळवलंच नाही’ एवढ्या एका वाक्यावर सगळी मोजणी वादात सापडते. म्हणून चारही बाजूंच्या गटांचे ताजे सातबारे काढा, मयतांच्या वारसांची नावं-पत्ते तलाठ्याकडून पक्के करा, आपल्याच गटातले सहहिस्सेदारही लिहा. पुण्या-मुंबईला राहणाऱ्या पुतण्याचा तिथला पत्ता द्यावा. हे दोन दिवसांचं काम पुढची दोन वर्षं वाचवतं.

हंगामाचंही तसंच. उभ्या उसात किंवा तुरीत कोपरे दिसत नाहीत, माणूस आत शिरला की पीक मोडतं, आणि ज्याचं मोडलं तो नवीन तक्रार घेऊन उभा राहतो. रब्बीची काढणी झाल्यावर आणि नांगरट व्हायच्या आत शेत मोकळं असतं, तोच मोजणीचा काळ. त्यासाठी अर्ज डिसेंबरात केलेला बरा. उसाचं रान असेल तर तोडीचा अंदाज घेऊन तारीख धरा, शेजाऱ्याच्या उसाचाही.

मोजणीच्या दिवशी भूकरमापक आधी वहिवाट मोजतो, म्हणजे आज बांध जिथे आहे तिथले बिंदू घेतो. पूर्वी साखळी-शंकू आणि फलकयंत्रावर चालणारं हे काम आता रोव्हरनं, म्हणजे उपग्रहावरून नेमकी जागा टिपणाऱ्या यंत्रानं होतं. नंतर कार्यालयातल्या मूळ अभिलेखाशी, म्हणजे टिपण, फाळणी, गटाचा नकाशा यांच्याशी ते ताडून पाहतात आणि मग जमिनीवर हद्दीच्या खुणा करून देतात. चुना, खुणेचे दगड, खड्डे घ्यायला दोन माणसं ही तयारी अर्जदाराची. झुडपांनी भरलेला बांध आदल्या दिवशी साफ करून ठेवावा. जुना हद्दीचा दगड बऱ्याचदा त्याच झुडपात सापडतो.

या दिवशी बांधावर सगळी भाऊबंदकी जमते आणि तिथेच काम बिघडतं. चुलते एक कोपरा दाखवतात, मामा दुसरा, आणि ज्याची एक गुंठाही जमीन तिथे नाही असा पाहुणा तिसराच सांगतो. वहिवाटीचे बिंदू दाखवण्यावर नोंदवले जातात. चुकीचा कोपरा दाखवला तर नकाशावर वहिवाट चुकीची येते आणि ती आपल्याच सहीनं येते. प्रत्येक घरानं बोलणारा एकच माणूस ठरवावा. जुन्या खुणा माहीत असलेलं म्हातारं माणूस मात्र नक्की बरोबर घ्यावं. त्यांना आठवणारी बाभळ किंवा पडकी ताल अभिलेखातल्या कोपऱ्याशी जुळली तर शेजारीही निम्मा शांत होतो. जबाबावर सही करण्याआधी तो मोठ्यानं वाचून घ्या. हरकत असेल तर तिथेच लिहून द्या. नंतर पारावर केलेली हरकत कुठेच नोंदली जात नाही.

मोबाईलवरचा गावनकाशा घेऊन भूकरमापकाशी वाद घालू नका. १:५००० प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर रुंद होते. फोनचं जीपीएसही काही मीटर इकडेतिकडे दाखवतं. अर्ध्या फुटाचा वाद त्यावर सुटणं शक्य नाही.

हाती येते ती ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा. तिच्यावर अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट वेगवेगळी दाखवलेली असते, मधला पट्टा कोणाच्या ताब्यात आहे ते कळतं. पण मोजणी करणारा अधिकारी ताबा देत नाही. शेजाऱ्यानं मानलं तर बांध सरकवायचा, नाही मानलं तर ‘क’ प्रत जोडून दिवाणी दावा. मोजणी पटली नाही तर निमताना मोजणी, म्हणजे वरिष्ठांकडून फेरमोजणी, मागता येते. मात्र त्यासाठी कोणता बिंदू चुकला हे बोट ठेवून सांगता यायला हवं.

आता भावाभावांचं. वडिलांनी तोंडी वाटणी केली, मध्ये ताल घातली, चाळीस वर्षं जो तो आपलं कसतो आहे. सातबारा मात्र सामाईक. अशा गटाची हद्द कायम मोजणी केली तर बाहेरची सीमा कळते, मधल्या तालीबद्दल अभिलेखात काहीच नसतं. इथे पोटहिस्सा मोजणी, म्हणजे गटातला प्रत्येकाचा हिस्सा वेगळा मोजून नकाशावर आणणारी मोजणी, लागते. एकत्र कुटुंबातल्या वाटणीच्या मोजणीची फी २०२५ मध्ये प्रति पोटहिस्सा २०० रुपयांवर आणली, हा निर्णय खरोखर चांगला आहे. अडचण सह्यांची. सातबाऱ्यावर नाव असलेली प्रत्येक बहीण सहहिस्सेदार आहे, आणि तिची संमती गृहीत धरून केलेला अर्ज अडतो. तिला हिस्सा नको असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. साध्या कागदावरचं ‘माझी हरकत नाही’ चालत नाही. हे बोलणं वहिनीमार्फत किंवा दाजींमार्फत न करता तिच्याशी थेट करा. निरोपात शब्द बदलतात आणि संमतीची अट होऊन परत येते.

मोजणीत असंही निघतं की दोघे कित्येक वर्षं एकमेकांचीच जमीन कसत आहेत. त्यावर ३ जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयाची सलोखा योजना आहे. किमान बारा वर्षं अदलाबदलीचा ताबा असेल तर १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी फी भरून अदलाबदलीचा दस्त होतो. क्षेत्रात फरक असला तरी चालतं, मात्र दोघांची संमती हवी. पंचनामा तलाठी आणि मंडळ अधिकारी करतात. योजनेला मुदत आहे, दस्ताआधी ती तलाठ्याकडे विचारून घ्यावी. माझ्या मते बांधाच्या भांडणात खर्चाच्या मानानं सगळ्यात मोठा फायदा इथे आहे, आणि मोजणीच्या अर्जापाशीच थांबणाऱ्यांना तो कळत नाही.

गावातली तंटामुक्त समिती चालू असेल तर तिच्या अध्यक्षांना मोजणीच्या दिवशीच बोलवा. खुणा ताज्या असताना आणि दोन्ही घरं बांधावर उभी असताना लिहिलेली तडजोड टिकते. आठवडा गेला की सल्ला देणारे वाढतात.

खुणेचे दगड त्याच दिवशी दीड-दोन फूट खोल पुरा. चुना पहिल्या पावसात जातो. दगड पुरल्यावर प्रत्येकाचा फोटो मागची विहीर, झाड किंवा विजेचा खांब दिसेल असा काढा आणि शेजाऱ्यालाही पाठवा. खुणा सांभाळणं कायद्यानं शेतमालकाचं काम आहे, त्या उखडणं दंडनीय आहे. नांगरटीला ट्रॅक्टर भाड्याचा असेल तर चालकाला दगड आधी दाखवून ठेवा, कारण त्याला तुमचा वाद माहीत नसतो आणि तो वळताना फाळ बांधावरच टेकवतो.