फ्लायचं अंग कशाचं बांधावं: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

दसऱ्याला व्हाइस, म्हणजे बांधताना गळ घट्ट धरून ठेवणारा छोटा शिकंजा, घेतला, आणि आता आषाढाची धार लागली आहे. मधल्या नऊ महिन्यांत दोनशेच्या वर फ्लाय, म्हणजे माशाला भुलवायला गळावर पिसं, केस, दोरा गुंडाळून केलेली किड्यासारखी आमिषं, बांधल्या आणि जमेल तितक्या पाण्यात घातल्या. शेपूट, पंख, मानेची पिसं यांवर सगळे भरभरून बोलतात. मी लिहिणार आहे ते अंगाबद्दल, म्हणजे गळाच्या दांडीवर शेपटापासून डोक्यापर्यंत जे गुंडाळतो त्याबद्दल. माझे सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया गेले, आणि मासेही अंग सुधारल्यावरच लागायला लागले.

मी कळव्याला राहते. मासेमारीच्या जागा दोनच. मुरबाडकडे नातेवाइकांचं शेततळं आहे, त्यात चिलापी भरपूर. दुसरी जागा घोडबंदर रोडवर गायमुखची खाडी, जिताड्याच्या आशेने. एक गोडं पाणी, एक खारं आणि गढूळ. एकाच सामानाचा दोन्हीकडे इतका वेगळा अनुभव येईल असं सुरुवातीला वाटलं नव्हतं.

पहिलं सामान ऑनलाइन मागवलेल्या किटमधलं. बारा रंगांचं चमचमतं डबिंग (दोऱ्यावर वळून अंगाला गुंडाळायचे सुटे तंतू) आणि जाड शेनिल (मखमली, केसाळ दोरा). व्हाइसवर बांधून झालेली फ्लाय दिव्याखाली इतकी सुरेख दिसायची की फोटो काढावेसे वाटायचे. तळ्यात चार वेळा फेकल्यावर त्याच डबिंगचा चिकट बोळा झाला आणि लाल शेनिलने रंग सोडला. काठावर बसून बोटं धुताना पाणी गुलाबी होत होतं.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. नवीन सामान आणलं की दहा नंबरच्या गळावर थोडंसं गुंडाळायचं, काचेच्या ग्लासात पाणी घ्यायचं आणि रात्रभर त्यात ठेवायचं. सकाळी चार गोष्टी बघते: रंग किती गडद झाला, तंतू मोकळे राहिले की चिकटले, आत हवेचे बुडबुडे अडकलेत का, आणि बाहेर काढून झटकल्यावर वाळायला किती वेळ लागतो. खाडीसाठी त्याच पाण्यात चमचाभर मीठ. मासा फ्लाय ओली असतानाच बघतो, मग मी ती कोरडी बघून का निवडावी?

सगळ्यात जास्त शिकवलं लोकरीने. ठाण्याच्या बाजारातून शेवाळी रंगाची गुंडी आणली होती. आईने बोटांत धरून बघितली. तिने आयुष्यभर विणकाम केलंय.

"ही लोकर नाही गं. दुकानात सगळ्यालाच लोकर म्हणतात. जाळून बघ."

काडी लावली तर धागा वितळला आणि टोकाला काळा, कडक मणी झाला. ॲक्रिलिक. मग तिने बाबांचा जुना तपकिरी स्वेटर काढला. त्याच्या धाग्याला केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली. ती खरी लोकर. हा फरक नुसता नावाचा नाही. खरी लोकर पाणी पिते, त्यामुळे फ्लाय लवकर खाली जाते, आणि भिजल्यावर तिच्यातून आतला थर दिसायला लागतो. म्हणून खाली काय गुंडाळलंय यालाही महत्त्व येतं. पांढऱ्या दोऱ्यावर तोच तपकिरी रंग उजळ राहतो, काळ्या दोऱ्यावर चिखलासारखा मरतो. तांब्याच्या तारेवर गुंडाळला तर ओला झाल्यावर आतून तांबूस झाक येते, अगदी जिवंत अळीच्या पोटासारखी.

ही कल्पना माझी नाही. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर दोऱ्याऐवजी बारीक तारेनेच फ्लाय बांधत. त्यांच्या 'किलर बग'चं अंग रफूच्या लोकरीचं असे, चॅडविक कंपनीची 477 नंबरची छटा. कंपनीने ती बनवणं बंद केल्यावर लोक जुन्या गुंड्या शोधत फिरले, आणि आजही त्या छटेला पर्याय शोधणं चालू आहे. एका रफूच्या धाग्यासाठी एवढी धडपड कशाला, असं आधी वाटलं होतं. ग्लासातला तो तांबूस रंग बघितल्यावर कळलं.

तार आणायला वागळे इस्टेटमध्ये मोटर वाइंडिंगच्या दुकानात गेले. "दादा, 36 गेजची थोडी तार हवी होती." "मोटर कितीची आहे ताई?" मी त्यांना गळ दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून बघितला आणि स्क्रॅपमधला उरलेला एक रोल दिला, पैसे घेतले नाहीत. ही तार साधारण 0.19 मिलिमीटर जाडीची, म्हणजे दहा-बारा नंबरच्या गळाला नेमकी. वर इनॅमलचा थर असतो, आणि खाडीत त्याचा उपयोग आहे: उघडं तांबं आणि पोलाद खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की पोलाद लवकर गंजतं. मात्र तार नखाने किंवा कात्रीने खरवडली तर तो फायदा जातो.

चिलापीसाठी माझी पहिली पसंती मोरपिसाच्या तंतूंना. आपल्याकडे मोर 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. आपोआप गळलेल्या पिसाऱ्याला त्यात सूट आहे, पण पिसं देशाबाहेर पाठवता येत नाहीत. माझी पिसं तळ्याच्या बांधावर वेचलेली, पावसाळा संपताना मोर ती झाडतात. तंतूची टोकं ठिसूळ असतात, म्हणून आधी सेंटिमीटरभर छाटून टाकायची. मग चार-पाच तंतू टोकाच्या बाजूने बांधायचे, म्हणजे शेपटाकडे बारीक आणि पुढे जाड असं अंग आपोआप होतं. नुसते गुंडाळले तर दुसऱ्या माशाच्या दातांनीच तुटतात. मी ते दोऱ्याभोवती पीळ देऊन गुंडाळते आणि वरून तार उलट्या दिशेने फिरवते. तारेचा प्रत्येक वेढा तंतूंना आडवा जातो, त्यामुळे एक तंतू तुटला तरी बाकीचे सुटत नाहीत. अशा एका फ्लायने फेब्रुवारीत एका सकाळी अकरा चिलापी दिल्या आणि ती अजून डब्यात आहे. हिरवट, जांभळट, सोनेरी अशी तिची झाक कुठल्याच कृत्रिम डबिंगमध्ये मला मिळालेली नाही.

डबिंगला शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे विंचरलेले केस वापरते. आतली मऊ लव पाणी धरते, वरचे राठ केस बाहेर डोकावतात आणि अळीच्या पायांसारखे हलतात. दोन्ही मिसळायला बरणीत पाणी, शाम्पूचा एक थेंब, जोरात हलवायचं, गाळून वर्तमानपत्रावर वाळवायचं. दोऱ्याला मेण लावून केस एकाच दिशेने वळायचे. हाताला जेवढे पुरेसे वाटतील त्याच्या निम्मेच घ्या. मला हे पटायला तीन महिने लागले.

तरंगणाऱ्या फ्लायवर जास्त लिहीत नाही, कारण मी त्या कमी वापरते. स्टेशनरीच्या दुकानातला 2 मिलिमीटरचा फोम चालतो, फक्त दोरा करकचून आवळू नये. आतली हवा दाबली जाते आणि दोरा फोम कापतो. तांदळाच्या विणलेल्या गोणीची पट्टीही वापरून बघा. ती पॉलीप्रॉपिलीनची असते, पाण्याहून हलकी, आणि पाणी अजिबात पीत नाही.

खाडीत मात्र हिशोब उलटा झाला. जे अंग पाणी धरतं तेच गळाला गंजवतं. जूनच्या शेवटी डबा उघडला तर लोकरीच्या सगळ्या फ्लायवर तांबडे डाग आले होते. उलगडून बघितलं तर दांडी खवल्यासारखी सुटत होती. मोठी चूक माझीच, खाडीवरून आल्यावर गोड्या पाण्यात न धुता डब्यात टाकल्या होत्या. पण त्याच डब्यातल्या जरीच्या अंगाच्या फ्लाय जवळजवळ नव्यासारख्या होत्या.

जरीचा धागा घेताना मात्र विचारून घ्या. जांभळी नाक्याजवळ साडीच्या काठाची जर मिळते. तांब्याच्या तारेची स्वस्त जर पंधरा दिवसांत काळी पडली. प्लास्टिकची, म्हणजे चकाकी दिलेल्या पॉलिस्टरच्या पट्टीची जर सहा महिने तशीच राहिली आहे. ओळख सोपी आहे: हीसुद्धा जाळून बघा. प्लास्टिक आकसून वितळतं, तांब्याची तार उरते. जरीवर पारदर्शक नेलपॉलिशचा एक हात दिला की दात लागूनही सुटत नाही. गायमुखच्या गढूळ पाण्यात सोनेरी रंग चंदेरीपेक्षा बरा ठरला. दोन जिताडे लागले, दोन्ही सोनेरीवर. लोकरीचा हट्टच असेल तर खाडीसाठी ॲक्रिलिक घ्या, ते लवकर वाळतं. दुकानातली ती फसवी गुंडी शेवटी तिथे कामाला आली.

पावसाळ्यात पिसं आणि केस सांभाळणं हे वेगळंच काम. कसर लागली की आठवड्यात मोरपिसाची नुसती काडी उरते. मी नवीन आलेलं प्रत्येक पीस घट्ट पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवते, मगच डब्यात घालते. डब्यात लवंगा आणि सिलिका जेलच्या पुड्या.

सध्या माझ्या डब्यात चारच अंगं आहेत: मोरपीस, कुत्र्याचे केस, बाबांच्या स्वेटरची लोकर आणि सोनेरी जर. किटमधलं उरलेलं डबिंग भाचीला चित्रांवर चिकटवायला दिलं. स्वेटरची एक बाही पूर्ण उसवून झाली. दुसरीला हात लावू का विचारलं तर बाबा म्हणाले, "ने, ठाण्यात आता कुठे एवढी थंडी पडते." एका फ्लायच्या अंगाला वीतभर धागा लागतो.