छोटा कंट्रोलर, मोठा कंट्रोलर: आठ महिने वाजवल्यानंतर

गेल्या तुळशीच्या लग्नापासून या आषाढापर्यंत मी डीजेचे दोन कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपमधली गाणी हाताने वाजवायची-मिसळायची यंत्रं, आलटून पालटून वाजवले. एक माझा, डीडीजे-एफएलएक्स४. दुसरा मामेभावाचा डीडीजे-१०००. दोन्ही पायोनियर डीजेचे, दोन्ही रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरवर चालणारे, लॅपटॉपही तोच. कामं आपली नेहमीचीच: वरळी, वर्सोवा, माहीमच्या हळदी, मधून मधून साखरपुडा, परळच्या एका सोसायटीचं हळदीकुंकू. मांडवात कुणी ना कुणी विचारतंच, "दादा, आवाज कुठल्याचा भारी?" त्याचं उत्तर आता माझ्याकडे आहे आणि ते मला सुरुवातीला वाटलं होतं तसं नाही.

पहिले दोन महिने मी छातीठोकपणे सांगायचो की मोठ्याचा बेस भरीव आहे. मग मामेभाऊ म्हणाला, नीट करून बघू. त्याने १०० हर्ट्झचा सलग टोन दोन्हींवर लावला, लॅमिंग्टन रोडवरून आणलेला साधा मल्टिमीटर आउटपुटला लावला आणि व्होल्टेज जुळेपर्यंत मास्टरचा, म्हणजे मुख्य आवाजाचा नॉब फिरवला. १०० हर्ट्झच घ्यायचं, कारण स्वस्त मीटर घरच्या ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेले असतात. फार वरच्या टोनला ते चुकतात. मग मी पाठ करून बसलो, मामेभाऊ तारा बदलत गेला आणि मी ओळखत गेलो. नाणं उडवून जेवढी उत्तरं बरोबर यावीत तेवढीच आली.

दोन महिने मला जो "भरीव बेस" ऐकू येत होता, तो केवळ थोडा मोठा आवाज होता. व्होल्टेज १२ टक्क्यांनी वाढलं की १ डेसिबल वाढतो. एवढ्याशा फरकाला आपला कान "मोठा" म्हणत नाही, "चांगला" म्हणतो. त्यात मोठ्याला एक्सएलआर (स्टेजवरच्या तीन पिनांच्या तारेचं) आउटपुट आहे, छोट्याला फक्त आरसीए (घरच्या टीव्ही-स्टिरिओसारखं). व्यावसायिक लाइनची ठरलेली पातळी १.२३ व्होल्ट, घरगुती लाइनची ०.३१६ व्होल्ट. म्हणजे जवळजवळ १२ डेसिबलचं अंतर. साउंडवाल्याने मिक्सरवर गेन (येणाऱ्या आवाजाची पातळी) जुळवून घेतला नाही, तर छोटा कंट्रोलर बिचारा वाटणारच. आणि ते भरून काढायला आपण मास्टर वर नेतो, दिवे लाल होतात आणि ढोलकीची थाप फाटते. माहीमच्या एका साउंडवाल्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "भाऊ, लाल दाखवू नकोस. तू स्वच्छ दे, वर मी घेतो." इतकी कामं झाली, पण याहून कामाचं मला कुणी काही सांगितलेलं नाही.

आवाज खरोखर बिघडतो तो कंट्रोलरच्या आधी किंवा नंतर. आधी म्हणजे फाइलमध्ये. कुठून तरी आलेलं १२८ केबीपीएसचं, म्हणजे फार दाबून लहान केलेलं गाणं हेडफोनमध्ये खपून जातं, मोठ्या टॉपवर (मांडवातल्या स्पीकरवर) मात्र झांजा पाण्यातून वाजल्यासारख्या येतात. दुसरं, मास्टर टेम्पो. सूर न बदलता वेग ७-८ टक्के वाढवला की सॉफ्टवेअर आवाज ताणतं आणि ढोलकीच्या थापेची धार जाते. हे दोन्ही कंट्रोलरवर अगदी सारखं होतं, कारण ते काम लॅपटॉपमध्ये चालतं. सूर थोडा चढला तरी चालणार असेल, तर मी मास्टर टेम्पो बंदच ठेवतो.

नंतर म्हणजे तारेत. जानेवारीत वरळी कोळीवाड्यातल्या एका हळदीला मी गल्लीच्या या टोकाला आणि साउंडवाल्याचा मिक्सर त्या टोकाला होता. आरसीएची लांब तार टाकली, वीज जनरेटरची होती. गाणं थांबलं की टॉपमधून घूंऽऽऽ असा आवाज. नवरीची आई ताट घेऊन उभी आणि आम्ही तारा हलवतोय. शेवटी लॅपटॉपचा चार्जर काढला तेव्हा आवाज जवळपास गेला, आणि पुढचे दोन तास मी बॅटरीकडे बघत वाजवलं. दोन वेगळ्या जागांहून अर्थिंग आलं आणि मध्ये आरसीएची तार असली की असं व्हायचंच. एक्सएलआरची लाइन बॅलन्स्ड असते, तारेत शिरलेला गोंगाट दुसऱ्या टोकाला कापला जातो. मोठ्या कंट्रोलरचा खरा आणि मोठा फायदा हाच. छोट्यावर मी दुसऱ्या दिवशी दोन चॅनेलचा ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स घेतला, तो आरसीएची लाइन बॅलन्स्ड करून देतो. कंट्रोलरपासून डीआयपर्यंत हातभर आरसीए, पुढे सगळं एक्सएलआर. त्यानंतर घूं आलेलं नाही.

मोठ्याला बूथ आउटपुट वेगळं आहे, म्हणजे स्वतःच्या मॉनिटरचा (डीजेसमोरच्या स्पीकरचा) आवाज स्वतंत्र ठेवता येतो. छोट्याला ते नाही. हळदीत टॉप तसेही कानाशीच असतात, मला त्याची उणीव भासली नाही.

आता हाताचं. इथे मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि आपल्या गाण्यांना तो जास्त जाणवतो. नव्या डान्स ट्रॅकचा वेग पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असतो, सिंक (दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं बटण) दाबलं की काम झालं. जुनी कोळीगीतं माणसांनी एकत्र बसून वाजवली आहेत. कडव्यात ठेका किंचित पुढे सरकतो, ध्रुवपदाला परत येतो. वर बऱ्याच गाण्यांचा ठेका सहाचा आणि सॉफ्टवेअर सगळं चारच्या हिशेबात मोजतं. ग्रिड, म्हणजे सॉफ्टवेअरने ठेक्यावर आखलेल्या रेघा, सुटते, चारचा लूप (परत परत वाजणारा तुकडा) भलत्याच जागी तुटतो. तिथे सिंक उपयोगाचं नाही. हेडफोनमध्ये दोन ढोलक्या ऐकत, जॉगची, म्हणजे कंट्रोलरवरच्या गोल चाकाची कड बोटाने जराशी पुढे, जराशी मागे, असं पूर्ण गाणंभर करत राहावं लागतं.

हे डीडीजे-१००० वर करताना हात विसरायला होतो. त्याचा जॉग २०६ मिलिमीटरचा, क्लबमधल्या मोठ्या प्लेअरएवढा. त्याला वजन आहे, किती घट्ट फिरावा तेही ठरवता येतं, आणि मधल्या छोट्या पडद्यावर गाणं कुठे पोचलं ते दिसतं, त्यामुळे लॅपटॉपकडे मान वळवावी लागत नाही. टेम्पोचा स्लायडरही लांब, म्हणून बारीक बदल नेमका होतो. छोट्याचा जॉग हलका. त्यावर तेच ढकलणं जास्त होतं, मग मागे ओढावं लागतं. मला जवळजवळ तीन महिने लागले बोटाचा दाब कमी करायला. आता जमतं, पण दोन तासांनी मनगट बोलायला लागतं.

मधे एका मैत्रिणीकडे ट्रॅक्टर एस४ एमके३ या आणखी एका कंट्रोलरवर दोन संध्याकाळी वाजवलं. त्याच्या जॉगमध्ये मोटर आहे, लूपची जागा आली की बोटाखाली टिचकी जाणवते. डोळे मिटून क्यू (गाण्यात खूण केलेली जागा) शोधता येतो हे पहिल्यांदा कळलं. दोन संध्याकाळींवरून याहून जास्त बोलणं बरोबर नाही.

एक गोष्ट लोक हाताची समजतात पण ती सेटिंगची असते. पॅड (कंट्रोलरवरचं रबरी बटण) दाबल्यावर आवाज उशिरा येतो असं वाटलं तर आधी बफर बघा, म्हणजे लॅपटॉप एका वेळी आवाजाचा केवढा तुकडा तयार करतो ते. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पल म्हणजे सुमारे १२ मिलिसेकंद, २५६ म्हणजे ६ च्या आत. मी २५६ वर वाजवतो. कटकट आवाज यायला लागला तरच वर जातो.

मग मोठाच का घेतला नाही? छोटा २.१ किलोचा. पाठीवरच्या सॅकमध्ये लॅपटॉपसोबत जातो, करी रोडहून लोकल पकडता येते. मोठा ६ किलोचा आणि ७० सेंटिमीटर रुंद, त्यावर फ्लाइट केस. संध्याकाळी सहाच्या गर्दीत तो घेऊन चढायचा विचारही करू नये. टॅक्सीचं भाडं हळदीच्या बिदागीतून जातं, आणि रात्री दहाला लाउडस्पीकर बंद म्हणजे वाजवायला मिळतात जेमतेम तीन-चार तास. टेम्पोने सामान जाणार असेल तेव्हा मी मामेभावाला फोन करतो. एरवी छोटा आणि डीआय बॉक्स.

पावसाळ्यात दोन्हींना सारखंच जपावं लागतं. आमची चाळ समुद्रापासून लांब नाही, दमट हवेत फेडर (आवाजाच्या सरकपट्ट्या) खरखरायला वेळ लागत नाही. वाजवून झालं की कोरडा ब्रश, वर कव्हर आणि पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या. त्या दर महिन्याला बदलतो.

सध्या तारखा नाहीत, त्यामुळे जुन्या कोळीगीतांची ग्रिड बसवायला घेतली आहे. रेकॉर्डबॉक्समध्ये अॅनालिसिस डायनॅमिकवर ठेवलं की बदलता वेग थोडाफार पकडला जातो, उरलेलं हाताने, ठेका मोजत. शंभरेक गाणी काढली आहेत. अडतीस झाली.